अपिलात दिलेली साक्ष

दुबईत, अल क्वोजमधल्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. करवतीच्या मशीनवरचं गार्ड तुटून तीन आठवडे झाले होते. मशीन चालवायचा तो कामगार गुहागरकडचा. त्या सकाळी तो म्हणाला, "साहेब, गार्डाशिवाय भीती वाटते." ऑर्डर संध्याकाळी जायची होती. मी म्हणालो, "यल्ला, आजचा दिवस काढ. उद्या नवीन बसवू."

दुपारी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मॅनेजरने रिपोर्ट टाइप करूनच आणला: कामगाराने स्वतः गार्ड काढलं. माझा व्हिसा कंपनीचा, मुलगी इथल्या शाळेत. मी सही केली. न वाचताच केली, असं बायकोला सांगितलं. खरं तर मी तो दोनदा वाचला होता.

त्याने भरपाईचा दावा लावला. इथे ज्युरी नसते, न्यायाधीशच निकाल देतात. त्यांनी त्या रिपोर्टवर विसंबून निम्मी चूक त्याची धरली आणि भरपाईही निम्मीच दिली. अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. तो अजमानहून बसने माझ्या घरी आला.

दारातच म्हणाला, "साहेब, अपिलात खरं काय ते सांगा. तुमच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही."

"बघतो, इन्शाल्ला," मी म्हणालो. आत ये, असंही म्हटलं नाही.

मुलीने विचारलं, "हू वॉज दॅट, बाबा?"

"ऑफिसमधले काका."

त्याने मुदतीत अपील केलं. मी तोंड उघडलं ते चार महिन्यांनी, दुसऱ्या कंपनीचा व्हिसा हातात पडल्यावर. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञापुढे सगळं सांगितलं. मीच त्याला "आजचा दिवस काढ" म्हणालो होतो, हेसुद्धा. निकाल फिरला. पूर्ण चूक कंपनीची ठरली.

त्याचा फोन आला. "साहेब, तुमचे उपकार झाले."

मला ते ऐकवेना. "अरे, नवी नोकरी मिळेपर्यंत मी गप्प बसलो होतो."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "वकील म्हणाले, साहेबांना घाई करू नकोस. म्हणून थांबलो. भरपाईचं नक्की होईपर्यंत आईला हात दिसू नये म्हणून तेवढे महिने व्हिडिओ कॉल बंद ठेवला, एवढंच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं. "काळजी घे," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.