हायपॉक्सिमिया आणि लोखंड कापणारा वायू

“हायपॉक्सिमिया,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एवढ्या लांब नावाचा आजार म्हणजे आपण गेलोच, असं मी धरून चाललो.

न्यूमोनियाने छाती भरली होती. ओठ पोतंभर जांभळं खाल्ल्यासारखे. धाप अशी, की शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा टोपी धरून झोपायचे.

बाईंनी शब्द सोडवून दाखवला. हायपो म्हणजे कमी, ऑक्सी म्हणजे ऑक्सिजन, एमिया म्हणजे रक्तातला. तिन्ही तुकडे ग्रीक. “रक्तात ऑक्सिजन कमी पडलाय. मास्क लावून द्यायचा.”

वॉर्डबॉयने काळा सिलिंडर गडगडत आणला आणि उरलासुरला श्वासही अडकला. पिंपरीच्या वर्कशॉपात मी गॅसकटर. याच वायूच्या झोताने पोलादी प्लेट पापडासारखी कापायचो. पोलादाला न सोडणारा माझ्या फुप्फुसाला सोडेल?

बायको, शांता, मास्क बसवायची; मी काढायचो. कारण सांगायची लाज वाटे. गॅसकटरने ऑक्सिजनला घाबरायचं? तेव्हा बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायची सोय नव्हती, नखांचा रंग बघायचे. माझी नखं काळपट पडायला लागली, तशी शांता माझा हात धरून रडायला लागली.

तिने रफीकभाईला बोलावलं. वर्कशॉपात तो माझ्याशेजारीच कटिंग करायचा. त्याने खोदून विचारलं, मी कारण सांगितलं. त्याने कपाळ बडवलं.

“येड्या, प्लेट कापताना आधी काय करतो?”

“तापवतो. लालभडक.”

“थंड प्लेटवर नुसता ऑक्सिजन सोडला तर?”

“काय नाय. नुसतं फुस्स.”

“मग? ताप आलाय तुला, लालभडक कुठं झालास? वैनी, लावा मास्क. काढला तर मी छातीवर बसतो!”

दारात डॉक्टरीणबाई हसत होत्या. “ऑक्सी म्हणजे मुळात तीक्ष्ण, आंबट. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं. साफ चुकलं ते. शास्त्रज्ञ फसले, तिथे तुम्ही फसलात तर काय बिघडलं!”

मास्क राहिला. हळूहळू नखं गुलाबी झाली.

तुमच्यावर ही वेळ आली, तर भीती वाटेल ती बोलून टाका. घरच्यांना नुसता हट्ट दिसतो, भीती दिसत नाही.

घरी निघताना बाईंचे आभार मानले, रफीकचे मानले, म्हातारबुवांच्या टोपीचेही मानले. शेवटी शांताकडे वळलो. तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “अहो, बोलू नका. श्वास घ्या.”