उजवीकडे वाकणारी अ‍ॅम्बेसेडर

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी रोज वाचतो आणि, खोटं कशाला बोलू, निम्म्यांवर हसतो. माझं काम पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये शेड जुळवायचं. पार्टीने पाठवलेला कापडाचा तुकडा आणि आम्ही रंगवलेला तुकडा दिव्याखाली शेजारी ठेवायचे आणि सांगायचं — जुळलं की नाही. 'वाटतंय' हा शब्द आमच्याकडे चालत नाही. घरात कुणी नजर, उतारा वगैरे काढलं की मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. तर अशा माणसाला जे दिसलं ते लिहितोय. कुणाकडे कारण असेल तर खरंच सांगा, मी वाट बघतोय.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, पण माझा जन्म सुरतचा. घर उधन्यात. आईने अर्धं आयुष्य इथल्याच लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, बॉबिनं भरली. ज्यांनी लूमचं खातं पाहिलंय त्यांना माहीत आहे, आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलतात, आवाज न काढता. समोरचा ओठ वाचतो. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा आई पार दुसऱ्या टोकाहून नुसत्या ओठांनी मला शिव्या द्यायची आणि मला सगळ्या कळायच्या.

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, "रोज व्यायामाला आणा आणि यांना बोलतं ठेवा. बोलल्या तर जीभ सुटेल. गप्प राहिल्या तर आहे तेही जाईल." आणि आई गप्प झाली. तिचा शब्द अडला की आम्ही सगळे मदतीला धावायचो... "पाणी? पांघरूण? पंखा?" तिला ते अपमानाचं वाटायचं. गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी भांडणारी माझी आई भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मला त्याची फार भीती वाटायची.

त्यात तिला रोज न्यायचं कसं हाही प्रश्न. रिक्षात धक्के बसायचे. मेव्हण्याची नवी गाडी इतकी बुटकी की आईला घडी घालून आत ठेवावं लागायचं. एका लग्नात मात्र कुणाच्या तरी जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये ती खुर्चीवर बसावी तशी अलगद बसली आणि उठलीही. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. रोज आईला व्यायामाला न्यायचं, परत घरी सोडायचं, मग तीच गाडी घेऊन पलसाण्याला कामावर जायचं. बायको — वैशाली — म्हणाली, "लोक घरात नवी गाडी आणतात, तुम्ही आजोबा आणा." तेव्हा सगळे हसलो होतो.

गाडी मिळाली सुरतेतच, अडाजणला, एका गुजराती कुटुंबात. उधन्यात त्यांचं लूम्सचं खातं होतं. म्हातारे शेठ काही महिन्यांपूर्वी वारलेले, गाडी त्यांची. पांढरी, गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी अखंड. त्यांच्या सूनबाईंनी किल्ली दिली. त्या दिवशी त्या घरातलं जुनं सामान काढत होत्या, ओट्यावर सगळा पसारा होता. मी रिव्हर्स शोधत घामाघूम झालो होतो. शेवटी सापडला. निघताना ओट्यावरच्या खुर्चीत पांढरा सदरा दिसला, म्हणून मान न वळवताच म्हणालो, "चालो काका, आवो छो ने?"

हे आमच्या गल्लीतलं वळण. कुठेही निघालं आणि ओट्यावर कुणी बसलेलं असलं की विचारायचंच — "चला, येता का?" तोही ठरलेलं उत्तर देतो, "तुम्ही व्हा पुढे." कुणी खरोखर येत नसतं आणि कुणी खरोखर बोलवत नसतं. नाही विचारलं तर माणूस शिष्ट. त्या दिवशी उत्तर आलं नाही. माझं सगळं लक्ष गिअरमध्ये होतं, म्हणून मीही थांबलो नाही.

गाडी रोजच्या वापराची करायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. उधन्यातच आमच्या ओळखीचे गनीभाई मेस्त्री आहेत. तोंडाने फार मोठे. "साहब, इसको मैं मुंबई तक बिना रुके ले जाऊँगा," म्हणाले आणि गॅरेजच्या फाटकातच ती बंद पडली. रेडिएटर धुतला, कार्बोरेटर खोलला, वायरिंग नवी केली, ब्रेकचं सगळं बदललं, मागे सीटबेल्ट बसवले. चोक किती ओढायचा ते मी शिकलो. हळूहळू गाडी सकाळी पहिल्या दणक्यात चालू व्हायला लागली. एकच गोष्ट राहिली. गाडी मागून उजवीकडे वाकलेली होती. ड्रायव्हरच्या बरोबर मागे. रिकामी, सपाट जागेवर उभी असली तरी.

गनीभाई म्हणाले, कमानपाटे थकलेत. उजवे पाटे डावीकडे आणि डावे उजवीकडे टाकले. आता डावी बाजू वाकायला पाहिजे ना? वाकली उजवीच. नवे पाटे घातले, शॉकअप बदलले. जॅकवर गाडी एकदम सरळ. खाली उतरवली की क्षणभर तशीच राहायची, मग कुर्रकन हलकासा आवाज... आणि उजवीकडे चार बोटं खाली. कुणीतरी दार न उघडता बसावं तसं. गनीभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की टायर पत्र्याला घासतंय, अम्मांना यात बसवू नका.

मला भीती नव्हती वाटत, उलट मजा वाटत होती. काहीतरी सापडणार आणि मी गनीभाईंना चिडवणार, असं चाललं होतं. आमच्या मिलमध्ये ट्रकचा वजनकाटा आहे. एका दुपारी गाडी त्यावर नेली. म्हटलं, डिकीत, चॅसीत कुठे जुनं लोखंड अडकलं असेल तर वजन वाढलेलं दिसेल. काटेवाल्याने वजन सांगितलं. या गाडीचं जे असायला हवं तेच, जास्त काही नाही. पण बाजूने बघितलं तर गाडी वाकलेली! काटेवाला म्हणाला, "भाई, मागे कोणाला बसवलंय? काट्यावर तर नाही दिसत." तो गंमत करत होता. मीही हसलो, पण परत जाताना आरसा दोनदा नीट केला.

टायर घासू नये म्हणून गनीभाईंनी पत्रा आतून ठोकून दिला आणि मी आईला न्यायला सुरुवात केली. डावीकडून तिला बसवलं, ती आरामात बसली. उजवीकडे, माझ्या मागे, रिकामी जागा. पुलावर चढताना आरशात पाहिलं... आईचे ओठ हलत होते. आवाज नाही. खात्यात बोलायची तसे. आणि ती माझ्याशी बोलत नव्हती, मान उजवीकडे वळवून बोलत होती.

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण तिचा चेहरा बघत राहावा असा झाला होता, कित्येक महिन्यांनी. ओठ वाचायची माझी सवय गेलीय, तरी एक वाक्य पकडता आलं. आई विचारत होती, "मंग काय व्हयनं?" — मग काय झालं? आणि विचारून थांबली, भुवया वर करून, कुणीतरी सांगत असताना माणूस थांबतो तशी.

हे रोज चालू झालं. घरात मुकी, गाडीत ओठ सुरू. मग एक दिवस नुसता 'हं' ऐकू आला. मग फिसकन हसण्याचा आवाज. मग तुटके शब्द, दबक्या आवाजात. मी मागे वळून बघितलं की बंद. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, घरी काय करताय तुम्ही, जीभ सुटायला लागलीय.

एका रविवारी अडाजणला गेलो. निमित्त डिकीच्या दुसऱ्या किल्लीचं. सूनबाईंना सहज विचारलं, ही आधीपासून उजवीकडे वाकायची का? म्हणाल्या, नाही. मग त्यांनीच विचारलं, कुठून वाकते? मी सांगितलं. शेठ तिथेच बसायचे म्हणे. लूम्सच्या आवाजाने त्यांचे कान पार गेले होते. ओठ वाचून बोलायचे, पण घरातल्यांना तसं बोलायचा कंटाळा. गाडी चालवणं बंद झाल्यावर सकाळी दारात उभ्या गाडीत जाऊन बसायचे, तिथेच पेपर वाचायचे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलवायचे — या, बसा दोन मिनिटं. फार कुणी बसायचं नाही.

मी विचारलं, मी गाडी नेली तेव्हा ओट्यावर खुर्चीत कोण होतं? त्या म्हणाल्या, कुणी नाही. पप्पांचे कपडे द्यायला काढले होते, एक सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. तर सदराच होता तो. मी नीट बघितलंच नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे दुसरं काही सांगायला नाही. पण ते वाक्य मी बोललो होतो, आणि "तुम्ही व्हा पुढे" कुणी म्हटलं नव्हतं. आई त्यांच्या खात्यात कधी होती का तेही विचारलं. नव्हती.

घरी येऊन वैशालीला सगळं सांगितलं आणि चूक केली. ती एरवी माझ्यासारखीच, पण आता म्हणाली, "रिकाम्या जागेशी बोलणाऱ्या सासूबाई मला नकोत. उद्या त्या त्याच्याबरोबर निघाल्या तर काय करणार तुम्ही?" लग्नात गाड्या भाड्याने देणारा एकजण मागे लागलाच होता, त्याला तिने बघायला बोलावलं. मी दोन्हीकडून अडकलो. गाडी दिली तर आईची जीभ पुन्हा बसणार. ठेवली तर... वैशालीचं ते एक वाक्य डोक्यातून जाईना.

तो माणूस दुपारी यायचा होता. सकाळी नेहमीप्रमाणे आईला घेऊन निघालो. उन्हाची तिरीप आत येत होती, पुढे टेम्पोंची रांग, गाड्या थांबलेल्या. मी पुढे बघतच म्हटलं, "आई, गाडी देऊन टाकावी म्हणतोय." आरशात पाहिलं तर तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती उजवीकडे बघत होती. ऐकत होती. बराच वेळ. मग थोडं हसली, लग्नाला यायचा फार आग्रह झाल्यावर हसतात तशी, आणि मान हलवली. नाही म्हणाली. पुन्हा ऐकलं, पुन्हा मान हलवली. आणि मग स्वच्छ, मोठ्या आवाजात, एकही अक्षर न अडखळता बोलली —

"नही भाऊ. तुम्ही व्हा पुढे. मना पोऱ्या शे आठे."

माझा मुलगा आहे इथे.

कुर्रकन आवाज झाला आणि माझ्या मागची बाजू वर आली. मला सीटखाली जाणवलं. दार उघडलं नाही, बंद झालं नाही. मागून हॉर्न वाजत होते आणि माझा पाय क्लचवरून निघत नव्हता. अंगावर काटा आला तो गाडी वर आली म्हणून नव्हे. एवढे दिवस मी बोलावलंय म्हणून घाबरत होतो. त्या सकाळी विचारणारा मी नव्हतो. त्यांनी आईला विचारलं होतं — येता का? दोनदा विचारलं होतं.

"गाडी चालव ना, बापू," आई म्हणाली. "लोकं वरडी राह्यनात." मी रडायला लागलो होतो, ते बघून तिने वर मला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

परत येताना गॅरेजवर थांबलो. गनीभाईंनी दोन्ही बाजूंना बोटं लावून बघितली. सारखी. म्हणाले, नवे पाटे हळूहळू बसतात. मी म्हटलं, गनीभाई, पाटे बसले तर गाडी खाली जाते, वर कशी आली? ते म्हणाले चहा घ्या. दुपारी तो लग्नाच्या गाड्यांवाला आला, तेव्हा सकाळचं सगळं माझ्याकडून ऐकलेल्या वैशालीनेच त्याला गाडी विकायची नाही म्हणून परत पाठवलं. आई गॅलरीत बसून भाजीवाल्याशी भाव करत होती, जरा बोबडं, पण जोरात.

आईला खूपदा विचारलं, ते काय सांगायचे, शेवटी काय विचारलं. ती म्हणते, "तुले काय करनं शे?" सूनबाईंना सांगावं का ते अजून ठरवता आलेलं नाही. तोच काटा, तोच काटेवाला, तीच गाडी, मी पुन्हा वजन करून आलो. वजन आधीइतकंच. माझ्याकडे जुळवायला दोन तुकडे आहेत आणि ते जुळत नाहीत. 'वाटतंय' म्हणून मला चालत नाही. काय झालं ते मला माहीत नाही.

गाडी रोज चालते आणि सरळ उभी राहते. गल्लीतून निघताना ओट्यावर कुणी असलं तर मी अजूनही विचारतो, "चला, येता का?" वळण ते वळण. फक्त आता काच खाली करतो, माणसाकडे नीट बघतो, आणि "तुम्ही व्हा पुढे" ऐकू आल्याशिवाय गिअर टाकत नाही.