पोटात घाल

देवावर तेव्हा माझा राग होता. ताट समोर आलं की मी ते दूर सरकवायचे. आई माझ्यासाठी देवीचे उपास करायची, आणि घरात आणखी एक उपाशी माणूस कशाला, असं मला वाटायचं. मुलुंडच्या समुपदेशक बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की हिच्या अंगाबद्दल बरं-वाईट कुणीच बोलायचं नाही. मला म्हणाल्या, शरीर दिसतं कसं ते राहू दे, तुझ्यासाठी काय काय करतं ते बघ. मी मान डोलवायचे आणि घरी येऊन दहावीतली जीन्स चढवून बघायचे. ती सैल झाली तरच दिवस चांगला.

गौरीला आम्ही दहिसरला काकीकडे गेलो, तेव्हाही जीन्स माझ्या पिशवीत होती. काकीचा हात मुरगळल्यामुळे गौर उभी करायचं काम माझ्याकडे आलं. लोखंडी सांगाड्यावर मी बेताचं कापड गुंडाळलं, मुखवटा बसवला, साडी चापूनचोपून नेसवली. काकी मालवणची. तिने गौरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगो, माहेराक इलेला चेडू ता. तेका सुकट कशाक केलंस? भर मगे पोट."

आईने चटकन माझ्याकडे पाहिलं. पण काकी बोलली ती माहेरवाशीण गौरीबद्दल, नियम काही मोडला नव्हता. भरायला हाताशी काही नव्हतं. मी पिशवीतून जीन्स काढली, घडी केली आणि गौरीच्या पोटाशी बांधली. ही बुद्धी मला कुणी दिली, ते सांगता येणार नाही. साडी पुन्हा नेसवली तर निऱ्या काय सुरेख बसल्या. भरलेल्या पोटाची मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही, माया वाटली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर काकीने माझं पान गौरीसमोरच मांडलं. "एकटीक जेवण गोड लागाचा नाय. तू बस तिच्या वांगडा." एक घावन संपवायला मला खूप वेळ लागला, रडूही आलं. काकी शेजारी बसून राहिली.

बरं व्हायला त्यानंतरही औषधं लागली, बाई लागल्या, कितीदा तरी मी पुन्हा घसरले. याला चमत्कार म्हणावं का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला सोडवत नव्हतं ते तिच्या हवाली केलं, आणि तिने ते ठेवून घेतलं, एवढंच मला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी गौर हलवताना काकीने हात जोडले. "चुकलामाकला पोटात घाल गे माये."

मला हसू आलं. माझं तिने परवाच घातलं होतं. साडी सोडल्यावर काकीने जीन्स माझ्यापुढे धरली. "होया काय तुका?"

"राहू दे तिच्याकडेच," मी म्हटलं. दर वर्षी गौर उभी करताना ती जीन्स मीच बांधते.