तिंदारोची फुंकर

गळ पाण्यात सोडण्याआधी त्यावर तीनदा फुंकर मारायची, ही बापाची सवय तिंदारोनं सत्तरीपर्यंत सांभाळली होती. नव्या जाळ्यावर फुंकर, गरम सूपवर फुंकर, नातवंडांच्या खरचटलेल्या ढोपरावरही फुंकर. इटलीच्या पानारेआ बेटावर त्याला सगळे हसत. पण माणूस मनानं लोणी, म्हणून तोंडावर कुणी हसत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचे, मेनाचे, पाय गेले. धक्क्यावर उतरायच्या पायऱ्या आता तिच्या नशिबात नव्हत्या. पण घराच्या मागच्या दारालाच समुद्राचा एक छोटा कोपरा येऊन टेकलेला. तिथून तिंदारो तिला उचलून होडीत बसवी आणि रोज संध्याकाळी फिरवून आणी. मेना दिवसभर त्या घटकेची वाट पाही.

बेटाभोवती समुद्राच्या तळातून वायूचे बुडबुडे येतात. ते आणखी कुठे फुटताहेत, हे शोधायला शास्त्रज्ञ इलेनिया तिंदारोच्याच होडीतून हिंडे. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड; तो विरघळला की पाणी आंबट होतं आणि तिच्या यंत्रावरचा आकडा खाली येतो. यंदा घरामागच्या कोपऱ्याची पाळी होती. तिथे वायू निघाला, तर होड्यांना बंदी.

त्या संध्याकाळी मेनाही होडीत होती. इलेनियानं तळाचं पाणी वाटीत ओतलं, यंत्राची कांडी बुडवली आणि नळी धुवायला पाठ वळवली. परत पाहते तो आकडा घसरलेला.

"काका, इथंही गळतंय वाटतं."

तिंदारोचा चेहरा पांढराफटक पडला. "नीट बघ गं पोरी…"

मेना मात्र खो खो हसत सुटली. "अगं, समुद्र नाही गळत! या म्हाताऱ्यानं वाटीवर तीनदा फुंकर मारली. पाहिलं मी!"

"आकडा चांगला यावा म्हणून मारली," तिंदारो पुटपुटला.

"काका! आपल्या श्वासातही तोच वायू असतो हो!" इलेनियानं कपाळावर हात मारला. "जा, त्या टोकाला तोंड फिरवून बसा."

तिंदारो जाऊन बसला, वर तोंडही दाबून धरलं. तिनं नवं पाणी काढलं, मग आणखी एकदा काढलं. दोन्ही वेळा आकडा खाली आला नाही. पाणी स्वच्छ होतं.

"अरे, आता तरी श्वास घे!" मेना ओरडली. "मला वल्हवता येत नाही!"

तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरून वाहत होते. मेनाचेही भरले. "ये इकडे वेड्या," ती म्हणाली. "फुंकायचंच असेल तर माझ्या गुडघ्यांवर फुंक. तिथं कुणाचं यंत्र नाही."

आणि तो खरंच वाकला. तीनदा फुंकर मारली, अगदी हळू. इलेनिया दुसरीकडे बघत राहिली.

पाय काही हलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मेना केस विंचरून, मागच्या दारात खुर्ची मांडून घेऊन, वेळेच्या कितीतरी आधी बसली होती.