कुलपाआडचा कोंडा

तिला घरात आणि गल्लीत सगळे भिंगरीच म्हणायचे. जेवताना ती दोनदा उठणार, बोलता बोलता समोरच्याचं लोंबतं बटण दिसलं की सुई शोधायला पळणार. शिवणकाम धरलं, सोडलं. दुकानात गल्ल्यावर बसली, म्हणजे बसलीच नाही. "हिच्या पायाला चाकं आहेत," सासूबाई म्हणायच्या, "आणि ब्रेक माहेरी राहिलाय."

अशा बाईनं बुरशी वाढवायचा धंदा काढावा, म्हणजे माकडानं ध्यानाला बसण्यातला प्रकार. नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत गव्हाचा कोंडा पडून असायचा. भिंगरी कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन शिकून आली. कोंडा वाफवायचा, निवला की त्यावर बुरशीचं बी भुरभुरायचं आणि ट्रेमध्ये पसरून उबदार, दमट खोलीत ठेवायचा. त्यावर पांढरी लव चढते, ती कोंड्यात एन्झाइम सोडते. मग कोंडा भिजवून पिळला की निघणारं पाणी कापडावरची खळ खाऊन टाकतं. पलीकडच्या रस्त्यावरच्या रंगाऱ्याला तेच हवं होतं. खळ राहिली की त्याचा रंग डागाडागानं बसायचा.

लव वाढताना कोंडा आतून तापतो, म्हणून मध्ये एकदा तो हातानं मोकळा करायचा, एरवी दाराला हात लावायचा नाही. नेमकं तेच भिंगरीला जमेना. "लव आली का, एवढं बघते," म्हणत ती सारखी आत. ऊब उडून जायची, कोंडा कोरडा पडायचा. दोन घाणे असेच उकिरड्यावर गेले. रंगारी खळीचं कापड तिच्या पाण्यात बुडवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा, आणि थेंब निळाशार. म्हणजे खळ जागच्या जागी.

"वहिनी, आता एकदाच," तो म्हणाला. "पुन्हा निळा आला तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

नवऱ्यानं तर खोलीत पोती रचायचं ठरवूनच टाकलं होतं. आणि भिंगरीला जन्मात पहिल्यांदाच हातातलं काम सोडायचं नव्हतं.

तिसऱ्या घाण्याला नवऱ्यानं खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात घातली. "मी आल्यावर कोंडा मोकळा करू. तोवर तू दारापासून लांब." आणि गिरणीचे गुळगुळीत झालेले दगड टाकी मारून खरबरीत करून आणायला गेला.

भिंगरीनं झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भांडी घासली, घासलेलीच. शेवटी पत्र्याच्या दाराला तळहात लावला आणि झटक्यात मागे घेतला. सकाळी फटीतून अळंबीसारखा वास येत होता, आता नाकाला झोंबणारा, आंबूस. नवऱ्याला फोन लावला तर तो घरातच फळीवर वाजला.

"आई, दार तापलंय."

"तुझं डोकं तापलंय."

"हात तरी लावून बघा!"

सासूबाई कुरकुरत आल्या. हात लावला. फटीला नाक लावलं. मग दारातून बाजूला सरकल्या. भिंगरी हातोडी घेऊन आली. एक घाव कडीवर, दुसरा भिंतीवर.

"अगं, कुलूप फोडतेस का घर? इकडे दे!" म्हाताऱ्या बाईनं पदर खोचला आणि असा घाव घातला की कुलूप लोंबकळलं.

आतून वाफेचा लोट आला. वरच्या फळीवरचा कोंडा करपट, चिकट झाला होता, तो गेलाच. खाली मात्र पांढऱ्या लवेनं बांधलेल्या वड्याच्या वड्या, हाताला चटका देणाऱ्या. दोघी कोपरापर्यंत हात घालून त्या फोडत राहिल्या.

नवरा परतला, लोंबतं कुलूप बघून कपाळाला हात लावला. "झालं! राहवलं नाही ना?"

सासूबाईंनी त्याच्या हातावर एक गरम वडी ठेवली.

घाणा पिळला त्या दिवशी रंगारी कापड आणि बाटली घेऊन अंगणात आला. कापड पाण्यातून काढून धुतलं आणि थेंब टाकला, तेव्हा भिंगरी तिथं नव्हतीच. मागे धुतलेले ट्रे पुन्हा धूत होती.

"वहिनी, या की! पिवळाच राहिलाय!"

ती ओल्या हातांनी धावली. थेंब खरंच पिवळट. निळ्याचा मागमूस नाही.

"दार नेमकं तेव्हाच उघडायचं, कळलं कसं तुम्हाला?" रंगाऱ्यानं विचारलं. नवऱ्यानंही कान टवकारले.

"कळलं कुठं? राहवलं नाही." भिंगरीनं हात पदराला पुसले. "गार असतं तरी उघडलं असतं बहुतेक."

नवऱ्यानं खिशातली किल्ली काढली, न्याहाळली. "मग नवीन कुलूप आणू की नको?"

"आण," सासूबाई म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे दे."