फळी हलते का?

भाऊजी कुठल्याही दुकानात शिरले की आधी मालाकडे बघत नसत. हात फळीखाली घालत, दोन बोटांनी ती जराशी वर उचलून बघत आणि दुकानदाराला विचारत, "फळी हलते का?" मीठ घ्यायला आलेला माणूस फळीची चौकशी का करतो आहे हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. "एकदम पक्की आहे साहेब, काही होत नाही," असं तो भरवशाने सांगे आणि भाऊजींचा चेहरा पडे. त्यांना पक्की फळी नकोच होती. वर-खाली होणारी, काढता-लावता येणारी फळी त्यांना हवी होती, आणि ती कुणाकडेच नसे.

ताईला बघायला ते आमच्या घरी आले तेव्हाही हेच झालं. हातात पोह्यांची बशी, शेजारी मौदा गावचे त्यांचे थोरले भाऊ, समोर आमचे बाबा. बाबा म्हणाले, मुलीविषयी काही विचारायचं असेल तर संकोच करू नका. भाऊजींनी मान वळवून भिंतीतल्या फडताळाकडे पाहिलं आणि विचारलं, "ते मंधातली फळी हलते का जी?" बाबांना वाटलं, हा हुंड्यात फडताळ मागतो आहे. आत ताईने तोंडाला पदर लावला. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "मले हाच पाह्यजे. बाकीचे सारे स्वयंपाक येते का म्हणून विचारतेत."

फळीचं हे वेड त्यांना नागपूरच्या इतवारी बाजारात लागलं. तिथल्या एका कापडाच्या दुकानात ते माल दाखवायला होते. दुकानाच्या फळ्या मालकाच्या आजोबांनी ठोकून घेतलेल्या, आणि ते आजोबा म्हणे ताडमाड होते. भाऊजी बुटके. मालक बदलले, माल बदलला, धोतरं मागे पडून टेरिलीन आलं, पण फळ्या आजोबांच्याच उंचीवर राहिल्या. भाऊजी दिवसभर स्टुलावर चढत आणि उतरत. "म्हातारा मरून गेला, पण दुकान अजून त्याच्याच मापाची हाये," ते म्हणायचे. आपण दुकान काढलं तर ते आपल्या मापाचं असेल, आणि आपलं माप बदललं तर दुकानही बदलेल, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती.

दुकान खरं तर ताईला हवं होतं. ती स्वेटर विणायची. बोलता बोलता, दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभी असताना, माझ्यावर रागावलेली असतानासुद्धा तिच्या सुया चालू असायच्या. आजूबाजूच्या बायका घेऊन जायच्या, पण माल पलंगाखालच्या ट्रंकेत. कुणी आलं की हिने वाकून ट्रंक ओढायची, आणि खोलीत पाहुणा झोपलेला असला तर बाईने परत जायचं. "माल पलंगाखाली आन् मी पलंगावर, अशी कोठं दुकान असते का?" ती मला म्हणायची. तिला रस्त्यावरची जागा हवी होती आणि वर एक पाटी हवी होती. त्यापलीकडे तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग भाऊजींनी नोकरी सोडली आणि जागा शोधायला निघाले. गोकुळपेठेत एक तयार गाळा मिळत होता, पण त्यातल्या फळ्या सिमेंटच्या. भाऊजींनी हात खाली घातला आणि तसाच बाहेर काढला. इतवारीतला एक व्यापारी आपलं अर्धं दुकान द्यायला तयार होता. सागवानी कपाटं, काचेचे दरवाजे, येणारं-जाणारं बांधलेलं गिऱ्हाईक, सगळं आयतं. मात्र पाटी त्याची राहणार, आणि स्वेटरखेरीज दुसरं काही विकायचं नाही. "पाटी त्याची, कायदा त्याचा, आपण काय झाडू माराचा?" भाऊजी म्हणाले. तिसरी जागा म्हणजे चार भिंती आणि एक शटर, आत खिळासुद्धा नाही. त्या रिकाम्या गाळ्यात ते जाऊन उभे राहत आणि हवेत हात फिरवत. आज इथे फळी, उद्या तिथे. शेजारचा शिंपी मला एकदा हळूच म्हणाला, "बाई, जावयाले काही बाहेरची बाधा तं नाही ना?"

महिने जाऊ लागले. हिवाळा येऊन गेला आणि ट्रंक भरलेलीच राहिली. ताईचं मन सागवानी कपाटांवर होतं, कारण तिथे दुसऱ्या दिवसापासून विक्री सुरू झाली असती. एकदा जेवताना ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाले हलणारी दुकान पाह्यजे का चालणारी?" भाऊजींचा घास हातातच राहिला. मी हसू दाबलं. भाऊजी म्हणाले, "उन्हाळ्यात तुवे स्वेटर कोन घेईल, वं? तवा काय करशील?" ताईने भात वाढायला घेतला. नागपूरच्या उन्हाळ्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

शेवटी रिकामा गाळाच घेतला. भाऊजींनी छिद्राछिद्रांच्या लोखंडी पट्ट्या आणल्या. तो प्रकार तेव्हा नवा होता. हव्या त्या छिद्रात नट-बोल्ट आवळायचा आणि फळी तिथे बसवायची, नको झाली की काढायची. खिशात पाना ठेवून ते दिवसभर फिरत. हिवाळ्यात फळ्या जवळजवळ लागत आणि त्यांवर स्वेटर, मफलर, कानटोप्या. होळी झाली की मधल्या फळ्या निघत आणि तिथे कूलरच्या, खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्या, म्हणजे पाणी मारून गारवा धरायचे पडदे, उभ्या राहत. दुकानाला ओल्या वाळ्याचा वास येई. वरच्या बाजूला उन्हात डोक्याला बांधायचे पांढरे दुपट्टे. पावसाळ्यात दांडा बांधून छत्र्या टांगत. तीन ऋतूंची तीन दुकानं एकाच गाळ्यात, आणि वर एकच पाटी, ताईच्या नावाची. पाटी लागली त्या दिवशी ताई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

दुकान चाललं. खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं. पण भाऊजींचा हात स्वस्थ बसेना. ऋतू बदलायची वाट न बघता ते आठवड्यालाही फळ्या बदलू लागले. काल दुपट्टे होते तिथे आज मोजे. नेहमीचे एक काकाजी दारात थबकले आणि म्हणाले, "काहून गा भाऊ, तुई दुकान रोज बदलीवर जाऊन राहिली का?" बायका ताईला हाक मारून विचारत, बाई, बाळाची टोपी आज कुठल्या गावी? भाऊजींना यात काही वावगं दिसत नसे. "माल बदलते, गिऱ्हाईक बदलते, मंग फळीनं काहून एका जागी राहावं?"

तेव्हा ताईने एक फळी स्वतःसाठी मागून घेतली. दारातून शिरताच उजव्या हाताला, तिचा हात वर पोचेल तेवढ्या उंचीवर. "बाकी सारी दुकान नाचवा. ही फळी माही. हिले हात नाही लावाचा." तिथे बारा महिने तिचे स्वेटर राहणार होते, मेच्या उन्हातसुद्धा. कुणाला वाटलं तर त्याला दिसले पाहिजेत, वाकून काही ओढायला लागू नये. ताई उंच होती, आमच्या घरातले सगळेच उंच. त्या फळीवरचा स्वेटर काढायला भाऊजींना स्टूल लागायचं. इतवारीतून सुटून ते पुन्हा स्टुलावर आले, यावर मी त्यांना वर्षानुवर्षं चिडवलं. ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, थो म्हातारा परका होता."

ताई आजारी पडली तेव्हा ऐंशीचं दशक लागलं होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती होती. मी शाळेत शिकवून झालं की तिथे जाऊन बसायची, भाऊजी दुकान बंद करून यायचे. तिच्या उशाशी लोकर होती, पण सुया तिला धरवत नव्हत्या. एवढंच मी नीट सांगू शकते. बाकीचे दिवस माझ्या आठवणीत पुसटसुद्धा नाहीत, ते नाहीतच.

ती गेली त्याच सकाळी उरलेली औषधं परत करायला भाऊजी दवाखान्याखालच्या दुकानात गेले. त्यांना एकटं सोडू नये म्हणून मी मागोमाग गेले. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. दुकानदार बाटल्या तपासत होता तोवर त्यांचा हात आपोआप बाजूच्या फळीखाली गेला, दोन बोटं लागली आणि त्यांनी विचारलं, "फळी हलते का?"

"नाही काका, पक्की आहे," तो पोरगेलासा माणूस मान वर न करता म्हणाला.

"बरोबर हाये," भाऊजी म्हणाले.

आम्ही वर आलो. मला रडू आलं नाही. माझ्या आत काहीतरी बधिर झालं होतं, दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात तसं, आणि त्यानंतरची कळ अजूनही पुरती आलेली नाही. भाऊजींचंही तसंच असावं.

त्यानंतर त्यांनी एकही फळी हलवली नाही. ताई गेली तेव्हा थंडी होती, म्हणून दुकान थंडीतलंच राहिलं. होळी झाली, उन्हाळ्याची लू वाहायला लागली, तरी स्वेटरच्या फळ्या जवळजवळ, तशाच. लोक वाळा मागायला येत आणि आत मफलर बघून परत जात. पावसाळ्यात छत्री नाही. मी दोनदा-तीनदा सांगून पाहिलं. "भाऊजी, निदान मधल्या दोन काढा." ते म्हणत, "हो, काढतो." आणि स्टुलावर चढून ताईच्या फळीवरची धूळ झटकत. तिच्या हातचे स्वेटर तिथेच होते. मागितले तरी ते विकत नसत. मापात बसणार नाही, असं कुठल्याही मापाच्या माणसाला सांगत.

असं काही वर्षं चाललं. मग गाळा सोडायचा ठरला आणि त्यांचे थोरले भाऊ त्यांना मौद्याला न्यायला आले. रॅक उकलायला मी गेले होते. इतकी वर्षं न हललेला नट, गंजून बसला असेल, हातोडी लागेल, असा माझा हिशेब. ताईच्या फळीपाशी मला स्टूल लागलं नाही. मी पाना लावला. पण पान्याची गरजच नव्हती. नट दोन बोटांनी फिरला, लोण्यासारखा. बोटांना तेल लागलं.

मी भाऊजींना बोटं दाखवली.

"दर रविवारी तेल देत होतो," ते म्हणाले. "साऱ्याच नटाले."

"मग हलवल्या काहून नाही?"

ते पाटीकडे बघत राहिले. पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती, ताईचं नाव आमच्याकडे करून. "हलत नसत्या तं सोपं होतं, वं," ते म्हणाले. "मंग मले रोज ठरवा नसतं लागलं."

त्यांनी पाटी उचलली, रिक्षात मांडीवर घेतली आणि गेले. पुढच्याच वर्षी मौद्यातच वारले. ताईची ती फळी मी माझ्या घरी आणली. माझा हात वर पोचेल तेवढ्या उंचीवर लावली आहे, तिच्यावर ताईचे स्वेटर आहेत, आणि रविवारी मी नटांना तेल देते.