पाईपावरचा माणूस

ट्रकच्या चाकाचा नट हट्टाला पेटला की त्याला दोन माणसं लागतात. एकाने पाना नटावर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पान्याच्या दांड्यात अडकवलेल्या चार फुटी लोखंडी पाईपाच्या टोकावर उभं राहायचं. आमच्या गॅरेजमध्ये पाना मी धरायचो आणि पाईपावर तो उभा राहायचा. बावीस वर्षं.

गॅरेज म्हणजे आलापल्लीच्या अलीकडे रस्त्याला लागून चार खांबांवर टाकलेले पत्रे. मागे सागाचं जंगल. तो बारा किलोमीटर आतल्या गावातला. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, बाकीचं वर्ष माझ्याकडे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तोही मला भाऊच म्हणायचा.

मी तापट माणूस. पाना घसरला की पान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. तो नुसता हसायचा आणि परत पाईपावर चढायचा. त्याची एक सवय होती. कुठल्याही चाकाला हात लावायच्या आधी तो नटावर बोटाने दोनदा टकटक करायचा, आणि चाक डावीकडचं असलं तर म्हणायचा, "उलटा." जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. इतर नट ज्या बाजूला फिरवून सुटतात, त्याच बाजूला फिरवलं तर हे आणखी आवळतात. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, मी मिस्त्री आहे. पण रोज कोणीतरी आठवण करून देत होतं म्हणून मी ते डोक्यात ठेवायचं सोडून दिलं होतं.

मग एका उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर, पाना सटकला आणि तो पाईपावरून खाली आला. गुडघ्यावर. महिनाभर त्याला खाली बसता येत नव्हतं. उभा राहून जेवायचा आणि म्हणायचा, "काई नाई झालं भाऊ." मला ते बघवेना. मी ठरवलं, हवेवर चालणारी नट खोलायची गन आणायची. तीही अशी, की परत कोणाला पाईपावर चढायची वेळ येऊ नये.

चंद्रपूरच्या दुकानात मी दोन तास घालवले. दुकानदार चांगला जाणता होता. अर्ध्या इंचाची गन त्याने हातातच घेऊ दिली नाही. म्हणाला, ती कार-जीपवाल्यांची. पाऊण इंचाची हलकी होती, हाताला बरी वाटत होती, पण गंजलेल्या नटापुढे तिचा भरवसा नव्हता. एक इंचाची उचलली तर तान्ह्या वासराएवढी जड. लांब नाकाची, म्हणजे मागच्या जोडचाकाच्या आतपर्यंत पोचणारी. मी तिच्यावरच बोट ठेवलं. मग तो म्हणाला, गनची ताकद गनमध्ये नसते, हवेत असते. कंप्रेसर लहान घेतला किंवा नळी बारीक लावली तर हीच गन नुसती आवाज करेल. म्हणून मोठ्या टाकीचा कंप्रेसर, जाड नळी, रोज दोन थेंब तेल. मी सगळं मान हलवत ऐकलं. निघताना तो म्हणाला, "हे गन असली तं दुसरा मानूस लागत नाई. एकटा मानूस अख्खा ट्रक खोलते."

मला ते वाक्य इतकं आवडलं की परत येताना गोंडपिपरीपर्यंत मी ते मनात घोळवत होतो. आणि आल्या आल्या तेच त्याला ऐकवलं. "भाऊ, आता दुसरा मानूस लागतच नाई. मी एकटा ट्रक खोलतो." मला म्हणायचं होतं, तुझा गुडघा वाचला. पण ते मी म्हणालो नाही. आनंदात माणूस अर्धंच बोलतो.

त्याने गनवर हात फिरवला. म्हणाला, "बरी हाय."

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत मी आणखी एक शहाणपणा केला. गन जड, म्हणून ती साखळीने टांगायला कंप्रेसरच्या स्टँडला एक आडवा हात हवा होता. मजबूत लोखंड शोधलं तर समोर खिळ्याला पाईप अडकवलेला. काढला आणि वेल्डिंग करून टाकला. तो आला, नेहमीसारखं आधी खिळ्याकडे बघितलं.

"पाईप कुठी हाय?"

"स्टँडले लावला ना. आता काय कामाचा तो?"

त्या दिवशी मी गनने सहा चाकं उतरवली. आवाज एवढा की बोलायची सोयच नव्हती. तो बाजूला उभा होता. संध्याकाळी डबा उचलून गेला आणि पुढच्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मला वाटलं, धानाची रोवणी चालू असेल. मग रोवणी संपली, निंदण झालं, तरी तो आला नाही, आणि तेव्हा मला कळायला लागलं.

कळलं म्हणून मी लगेच गेलो असं नाही. उलट रागावलो. त्याच्याच गुडघ्यासाठी एवढा आटापिटा केला आणि हा रुसून बसला, असं स्वतःलाच मोठ्याने सांगायचो. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन चामोर्शीला. सकाळी पत्र्याखाली जायचं, कंप्रेसर लावायचा, आणि टाकी भरेपर्यंत तो धडधडत असताना चहा प्यायचा. मी सवयीने दोन कप मांडायचो. एक परत ठेवून द्यायचो. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस जुना ट्रक आला, चाक डावीकडचं. मी गन टेकवली आणि घोडा दाबला. नट सुटेना. मी आणखी दाबला. कट्ट आवाज आला, मला वाटलं सुटला, म्हणून पुढच्या नटावर गेलो. तिसऱ्या आवाजानंतर थांबलो, तेव्हा तीन बोल्ट तुटून पडले होते. मी त्यांना उलट्या आट्यावर आवळत होतो. हाताने आवळला असता तर नटाने सांगितलं असतं. एवढ्या ताकदीची गन काही सांगत नाही. मी ते तुकडे हातात घेऊन बराच वेळ बसलो. शिकाऊ पोरसुद्धा अशी चूक पहिल्याच महिन्यात करून मोकळं होतं.

त्या रविवारी मी त्याच्या गावाला गेलो. तो अंगणात बांबूच्या कमच्या काढत बसला होता, एक पाय लांब करून. त्याच्या बायकोने बिनदुधाचा चहा दिला. मी वाटेत मनाशी बरंच जुळवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"गन लय जड हाय भाऊ. धरायले एक हात लागते."

तो कमची सोलत राहिला. म्हणाला, "गन धरायले कोनी बी भेटते."

मी "हो" म्हणालो. चहा संपवला. पावसापाण्याचं बोललो आणि निघालो. अख्ख्या रस्त्यात मी स्वतःला शिव्या दिल्या. घरी न जाता सरळ गॅरेजला आलो, ग्राईंडर लावला आणि स्टँडचा पाईप कापून काढला. वेल्डिंगचे गोळे घासून गुळगुळीत केले. पाईप बोटभर आखूड झाला होता. तो खिळ्याला लावला आणि गन पत्र्याच्या आडव्या लोखंडाला टांगली. कोणी बघायला नव्हतं, पण मला जरा बरं वाटलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सकाळीच तारेवर झाड पडलं आणि लाईट गेली. दहाच्या सुमाराला बांबूचा ट्रक आला, टायर फुटलेला. कंप्रेसर बंद. टाकीत उरलेल्या हवेवर एक नट सैल झाला आणि गनने मान टाकली. मी खिळ्यावरचा पाईप काढला आणि ड्रायव्हरला म्हटलं, "उभा राह्य यावर." त्याने उडी मारली. पाना सटकून माझ्या बोटांवर आला. दुसऱ्यांदाही तेच. त्याचा दोष नाही. पाईपावर उडी मारायची नसते. हळूहळू वजन सोडायचं असतं, नट कुरकुरला की थांबायचं असतं, आणि पाना धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं असतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी कोणाला सांगितलं नव्हतं, मला ते आयतंच मिळालं होतं.

मी बोटं फडक्यात गुंडाळली आणि फोन लावला. त्याच्या गावात पाण्याच्या टाकीजवळच रेंज येते. पाचव्यांदा लागला.

"भाऊ," मी म्हणालो, "मले तू पाह्यजे. गन धरायले नाई. गन काल बी होती, उद्या बी राहीन. तू नाई तं मले इथी बसवत नाई."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पाईप हाय का?" त्याने विचारलं.

"हाय. खिळ्यालेच हाय."

"चाक डावा हाय का उजवा?"

"डावा."

"मंग हात नोको लावू. दुपारच्या गाडीनं येतो. दोनले पोचन तिथी."

मी फोन खिशात ठेवला आणि ड्रायव्हरला दोन वाजेपर्यंत थांबायला सांगितलं. तो करवादला, पण बांबूचा ट्रक कुठे पळून जाणार होता. पाऊण वाजता अचानक कंप्रेसर धडधडायला लागला. बटण सुरूच राहिलं होतं. ड्रायव्हर सावलीतून उठून आला.

"भाऊ, लाईट आली! मारा ना गन, दोन मिनिटाचं काम."

खरं होतं. एवढ्या ताकदीची गन मी त्यासाठीच तर निवडली होती. मी उठलो आणि कंप्रेसरचं बटण बंद केलं.

"काऊन बंद केली? लाईट हाय ना."

"हाय," मी म्हणालो. "पन मानूस येऊन राह्यला."

तो मला वेडा समजून परत सावलीत जाऊन आडवा झाला. मी पाईप मांडीवर घेतला आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो. गाडी यायला अजून सव्वा तास होता.